वळणदार मोडी आणि आमची हाडकी

दोस्तांनो, मोडीला बरे दिवस आलेत. लग्नपत्रिकेवर मोडी, बंगल्याच्या पाटीवर मोडी, टी-शर्टाच्या छातीवर मोडी, ढोलपथकाच्या झेंड्यावर मोडी, हाटेलाच्या भिंतीवर मोडी, पोरांच्या दंडावर गोंदलेली मोडी. वाचता कुणाला येत नाही, आवडते मात्र सगळ्यांना. काय ते वळण, काय तो झोक, असं म्हणत सदाशिव पेठेपासून डोंबिवलीपर्यंत माना डोलताहेत. डोलू देत. त्यांचं लग्न, त्यांचा बंगला, त्यांची पाटी. आपण कशाला बोला?

पण हे लोण आता आपल्या वस्तीत शिरलंय. गेल्या जयंतीला एका कमानीवर ‘जय भीम’ मोडीत लिहिलेलं मी पाहिलं. कमानीखाली शंभरेक माणसं उभी होती, त्यातल्या एकालाही ते वाचता येत नव्हतं. ज्यानं फ्लेक्स केला त्यालाही नाही. त्यानं संगणकावर बालबोधीत अक्षरं टाकली, टंक बदलला, झालं काम. आणि आता आपल्याच काही कवीमित्रांचा आग्रह सुरू झालाय, की आपल्या या अनियतकालिकाचं नावही मुखपृष्ठावर मोडीत घ्यावं. ‘कलात्मक दिसेल’ म्हणे.

माझा याला विरोध आहे. उघड, सही करून विरोध आहे. आणि त्याच तोंडानं मी हेही म्हणतो की आपल्यातल्या प्रत्येक शिकल्यासवरल्या पोरापोरीनं मोडी शिकलीच पाहिजे. कुणाला वाटेल हा दोन्ही डगरींवर पाय ठेवतोय. नाही. मिरवायची मोडी वेगळी आणि वाचायची मोडी वेगळी, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते मी नीट मांडणार आहे.

आधी अक्षराबद्दल. मोडी सुंदर नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. बालबोधीत आपण अक्षर काढतो आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ मारतो. मोडीचा कारकून उलटं करायचा. बोरू शाईत बुडवून आधी पानभर डावीकडून उजवीकडे सलग रेघा ओढून ठेवायचा आणि मग त्या रेघांना अक्षरं टांगत जायचा. हात शक्य तेवढा उचलायचाच नाही. एका अक्षराची शेपटी पुढच्याच्या पोटात, त्याची त्याच्या पुढच्यात. शब्द कुठं संपला त्याची खूण नाही, वाक्य कुठं संपलं त्याची खूण नाही. ह्रस्व-दीर्घ नाही. एकच इकार, एकच उकार. यादवांचा प्रधान हेमाडपंत यानं तेराव्या शतकात ही लिपी आणली असं परंपरा सांगते. कुणी आणली ते सोडा, पण ती कशासाठी वाढली ते अक्षरातच दिसतं. ती दफ्तराची लिपी आहे. घाईची लिपी आहे. हुकूम, हिशेब, वसुली, निवाडा, कतबा. शिवकाळात तिचं एक वळण, पेशवाईत दुसरं, इंग्रजीत तिसरं. पेशवाईत तर चिटणिशी, बिवलकरी अशी हातांची नावं पडली, जशी गायकीत घराणी पडतात. आज ज्याला आपण लय म्हणतो ती लय म्हंजे सत्तेच्या कारकुनाची घाई आहे. त्याला रोज शंभर कागद उडवायचे होते, म्हणून त्याचा हात असा पळत होता.

आता टंकाचं बघा. छापखाना आला तेव्हाच मोडीची पंचाईत झाली. विल्यम केरीनं श्रीरामपूरच्या छापखान्यात १८१० साली मराठीचा कोश मोडी खिळ्यांत छापला, पण पळत्या हाताचं अक्षर शिशाच्या सुट्या खिळ्यांत उभं राहीना. बालबोधी खिळा सुटसुटीत, तोच टिकला. पुढं १९५० च्या सुमारास शाळा-कचेऱ्यांतूनही मोडी गेली. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला जागा मिळाली आणि आता संगणकावर टंक आहेत, देखणे आहेत, करणाऱ्यांनी मेहनत घेतलीय. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण टंकातला ‘क’ हजार वेळा लिहिला तरी तोच ‘क’ असतो. कागदावरच्या कुळकर्ण्याचा ‘क’ सकाळी एक, दुपारी दुसरा आणि लाच मिळाल्यावर तिसरा. टंकावरून मोडी शिकलेला पोरगा टी-शर्ट वाचील, १८८० सालचा दस्त त्याला वाचता येणार नाही. म्हंजे मोडीचा टंक मोडी दाखवतो, पण मोडीत जे लिहून ठेवलंय ते झाकूनच राहतं. नक्षी होते, वाचन होत नाही. माझ्या विरोधाचं मूळ इथं आहे.

कारण ते न वाचणं आमच्या अंगावर आलेलं आहे. गावगाड्यात लेखणी कुणाकडं होती ते तुम्हाला सांगायला नको. कुळकर्णी लिहायचा, पाटील शिक्का मारायचा, सावकार कागद पेटीत ठेवायचा, आणि ज्याच्यावर कागद व्हायचा तो अंगठा किंवा निशाणी करायचा. जोतीराव फुल्यांनी ज्याला कलमकसाई म्हटलं तो कसाई मोडीत लिहीत होता, आणि त्याचं अक्षर फार सुंदर होतं. महाराचं काय? महारानं तो कागद वाहिला. सरकारी टपाल, वसुलीचा पैसा, हुकमाची थैली, सगळं महाराच्या डोक्यावरून तालुक्याला गेलं. पिढ्यानपिढ्या आमच्या बापजाद्यांनी मोडी वाहिली. थैलीत आपल्याच वेठीचा हुकूम आहे की आपल्याच दंडाचा निवाडा, ते कळायची सोय नव्हती. जगात दुसरीकडं कुठं असं झालंय का मला ठाऊक नाही, की एका समाजानं आपल्या गुलामीचा कागद स्वतःच पोचता करावा आणि वर भाकरतुकडा मागून खावा.

आणि हे फक्त आमचंच नव्हतं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी कुणबी उठले. सावकारांच्या घरात शिरून त्यांनी काय मागितलं? खतं मागितली. कर्जरोखे, हुकूमनामे काढले आणि चौकात पेटवले. माणसं मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा भर होता. त्यांना वाचता येत नव्हतं, पण आपल्याला कशानं बांधलंय ते बरोबर कळलं होतं. त्यानंतर १८७९ साली इंग्रज सरकारला शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला आणि शेतकऱ्याचा दस्त सावकारानं आपल्या ओसरीवर न लिहिता गावनिबंधकासमोर व्हावा अशी तरतूद करावी लागली. म्हंजे अक्षर लिहिणाऱ्याच्या हातात एकट्याच्या ठेवू नये हे परक्या सरकारला समजलं. आणि आपल्या वारसावाल्यांना अजून त्यात फक्त वळण दिसतं!

वारसा हा शब्द आला म्हणून सांगतो. शुद्धलेखनाची एक गंमत बघा. आपल्या पोरानं कवितेत ‘पाणि’ लिहिलं की हे लोक नाक मुरडतात. १९६२ साली महामंडळानं नियम केले, १९७२ साली आणखी चार जोडले, ते अठरा नियम घेऊन आमच्या कवितांच्या पाठीमागं लागले. ह्रस्व-दीर्घ चुकलं, म्हणून संस्कार नाही, म्हणून साहित्य नाही. आणि ज्या मोडीला आज हे डोक्यावर घेऊन नाचतात त्या मोडीला ह्रस्व-दीर्घ ठाऊकच नव्हतं! स्वराज्याचा आणि पेशवाईचा सगळा कारभार एका इकारावर चालला. तेव्हा कुणाचा संस्कार बुडाला नाही. मग आमच्या पोराच्या इकारानंच मराठी कशी बुडते? याचं उत्तर मला एकाही मास्तरानं दिलेलं नाही.

आम्हाला अक्षर मिळालं ते साध्या खिळ्यातनं. मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीनं चौदाव्या वर्षी मांगमहारांच्या दुःखाबद्दल लिहिलं, ते १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आलं. बालबोधी खिळ्यांत आलं म्हणून आज तुम्ही-आम्ही वाचू शकतो. तेच कुणा कारकुनाच्या हातच्या मोडीत एका रुमालात बांधलेलं राहिलं असतं तर? ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला, ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’. मुक्यानं बोलायचं असेल तर समोरच्याला ऐकू गेलं पाहिजे, हे त्या अक्षरातच होतं. चाळीत एक पोरगा वाचणार आणि वीस माणसं ऐकणार, त्या पोराला अक्षर अडता कामा नये. साठ-सत्तरच्या दशकात स्टेन्सिलवर अंक निघायचे तेव्हाची गोष्ट जुन्या मित्रांना आठवत असेल. मेणकागदावर टोकदार लेखणीनं फार गोल, फार नाजूक वळण काढलं की कागद फाटायचा, अक्षराचं पोट गळून पडायचं आणि छापताना तिथं शाईचा डाग यायचा. म्हणून आपोआप अक्षर उभं, सुटं, ठाशीव काढायची सवय लागली. या पानांचं अक्षर असं गरजेतनं आलंय. त्याला कुणी अडाणी म्हणत असेल तर म्हणू दे.

आता तुम्ही विचाराल, मग मोडी शिका का म्हणतोस? सोडून दे की, मेली ती मेली.

मेलेली नाही, म्हणून. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात जिवंत आहे. आपल्या जमिनी तिच्यात अडकलेल्या आहेत.

महार वतनाची गोष्ट थोडक्यात. गावकीची रात्रंदिवस चाकरी, त्याबदल्यात हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि बलुतं. १८७४ च्या वतन कायद्यानं ही गुलामी इंग्रजांनीही पक्की केली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं. वतन टिकवायला नव्हे हं, हे लक्षात ठेवा, कारण हल्ली काही लोक ‘आमचं वतन’ असं छाती फुगवून बोलायला लागलेत. बाबासाहेबांना वतनाची गुलामी तोडायची होती आणि जमीन मात्र कसणाऱ्याच्या हातात राहायला हवी होती. १९३९ साली हरेगावला वतनदारांची परिषद झाली तीही याचसाठी. शेवटी १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गाव वतनं गेली. जमीन कब्जेहक्काची रक्कम भरून परत द्यायची, पण नव्या शर्तीनं, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही, असं ठरलं. कागदावर चांगलं होतं. प्रत्यक्षात किती जणांनी रक्कम भरली, किती जणांना नोटीसच कळली नाही, किती जणांच्या तुकड्यावर गावच्या बड्याचं नाव कसं चढलं, ते प्रत्येक तालुक्यात म्हाताऱ्यांना विचारा. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्यातल्या मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार वर्तमानपत्रांत गाजला, ३०० कोटींचा आकडा छापून आला. तेव्हा आपल्या पोरांना कळलं की हाडकी म्हंजे काय किमतीची चीज आहे. हाडं टाकायची जागा म्हणून आज्याला दिली आणि आता तिथं टॉवर उभे राहतात!

या जमिनींचा जुना पुरावा कशात आहे? मोडीत. वतनाचं रजिस्टर, जुने फेरफार, चतुःसीमा, कुणाची तक्षीम किती, यातलं बरंच मोडीत. जातीच्या दाखल्याचंही तेच. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा द्या म्हणतात. आज्या शाळेत गेलेला नसतो. मग राहतं ते कोतवाल बुक, गाव नमुना १४ ची जन्ममृत्यूची नोंद. अनेक गावांत ती मोडीत. पोराचं इंजिनियरिंगचं ॲडमिशन अडलंय आणि त्याच्या हातात पणज्याच्या मृत्यूची नोंद आहे, जी त्याला दिसते पण वाचता येत नाही. त्याच पोराच्या टी-शर्टावर मोडीत काहीतरी छान लिहिलेलं असतं.

सरकारला मनात आलं की मोडी वाचली जाते, हेही पाहिलंय आपण. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, कुणबी नोंदी शोधायला जिल्ह्याजिल्ह्यात दफ्तरं उघडली, मोडी जाणकार बोलावले. त्या लोकांना त्यांच्या नोंदी मिळाल्या, मिळू देत, माझी पोटदुखी नाही. मी एवढंच विचारतो की महार वतनाच्या नोंदी शोधायला अशी मोहीम कधी निघाली? त्याच कपाटात, त्याच रुमालात आमचीही नावं आहेत.

एक अनुभव सांगतो. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या बाबांबरोबर मी एका मोडीवाल्याकडं गेलो होतो. बाबांनी कचेरीतनं नक्कल काढून आणलेली, दोन पानी. मोडीवाल्यानं चष्मा चढवला, पैसे आधी घेतले, आणि वाचलं, ‘अमुकनाक वल्द तमुकनाक, महार, मौजे अमुक.’ मग पान खाली ठेवलं. म्हणाला, बाकीचा नेहमीचा मजकूर आहे. बाबा माझ्याकडं बघून म्हणाले, ‘‘मास्तर, एवढंच हाय व्हय? कागूद तर मोठा हाय.’’ मी मोडी अडखळत वाचतो. तो नेहमीचा मजकूर म्हंजे चतुःसीमा होत्या. पूर्वेला ओढा, दक्षिणेला कुणाचं रान, पश्चिमेला वाट. ज्यावर सगळं भांडण उभं होतं तेच यानं ‘नेहमीचं’ म्हणून गिळलं. आळसानं गिळलं की कुणी सांगितलं म्हणून, देव जाणे, म्हंजे देव नाहीच, तोच जाणे. मी बोट ठेवून वाचायला लागलो तसा तो म्हणाला, ‘‘तुम्हाला येतं तर आमच्याकडं कशाला आलात?’’ प्रश्न बरोबर होता. आपण अजून त्यांच्याकडं का जातो?

आपले कवीमित्र म्हणतील, तू सौंदर्याचा शत्रू आहेस. लिपीला जात नसते. शिवाय संविधानसुद्धा सुलेखनातच आहे की! हो, आहे. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी इंग्रजी प्रत तिरप्या इटालिक वळणात हातानं लिहिली, नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांनी पानं सजवली, हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली. फार देखणं काम आहे, संसदेच्या ग्रंथालयात जपून ठेवलंय. पण क्रम बघा. आधी २ वर्षं ११ महिने १८ दिवस एकेक शब्दावर वाद झाला, आणि मग बोरू उचलला गेला. शब्द पक्का झाल्यावर नक्षी आली. आणि त्या चित्रांत वैदिक गुरुकुल आहे, रामायण-महाभारतातले देखावे आहेत, बुद्ध आहे, अकबर-शिवाजी आहेत, दांडीयात्रा आहे. मसुदा समितीचा अध्यक्ष त्या चित्रांत कुठंही नाही. ते बरोबरच की नाही हा वाद वेगळा, पण सजावट करणाऱ्याच्या डोळ्यासमोर कोण असतं ते कळतं. आता त्याच तिरप्या अक्षरातली उद्देशिकेची चौकट दिवाणखान्यात लावायची फॅशन आलीय. चौकट बघून पाहुणा म्हणतो, वा! वाचत कुणी नाही. आपली माणसं संविधान वाचायला शिकली ती पाचदहा रुपयांच्या रद्दी कागदावरच्या पुस्तिकेतनं, ज्याचे खिळे झिजलेले होते.

लिपीला जात नसते हे मला मान्य आहे. लेखणी धरणाऱ्या हाताला होती. म्हणून तर लिपी घ्यायची आणि नक्षी टाकायची. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. त्यात लढाया आणि पराक्रम आहेत तसे वेठबेगारीचे हुकूम आहेत, जातीचे निवाडे आहेत, कुणाला कुठं पाणी भरू द्यायचं नाही याचे तंटे आहेत. आजवर ते रुमाल कुणी सोडले, आणि सोडल्यावर कुठला कागद वाचला नि कुठला परत बांधला? आमचा इतिहास लिहायचा तर तो बांधलेला कागद वाचणारा डोळा आमचा हवा. दंडावर गोंदून तो येत नाही.

तेव्हा मुखपृष्ठाचं नाव आहे तसंच, ठाशीव बालबोधीत राहावं, असं माझं मत नोंदवून घ्या. मोडी आत येऊ दे. प्रत्येक अंकात एक पान ठेवा. त्यावर एक खरा जुना कागद, वतनाचा, कर्जाचा, कोतवाल बुकातला, जसाच्या तसा, आणि खाली ओळीला ओळ बालबोधी. पाच अंकांत पाच वेगवेगळे हात डोळ्याखालनं जातील. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग असतात, त्यांना चार-चार जण नाव नोंदवून जा. शिकून आलेल्यानं आपल्या विहारात रविवारी संध्याकाळी फळा लावायचा. मुळाक्षरांचा तक्ता संगणकावरनं काढू नका. आपल्याच तालुक्यातल्या नकलेतनं एकेक अक्षर उचलून तक्ता करा, कारण वाचायचा आहे तो आपल्या कुळकर्ण्याचा हात. आकडे आधी शिका. एकर, गुंठे, आणे, पै. नावं नंतर येतील. आणि पोरींना पुढं बसवा, त्यांची नजर कागदावर जास्त टिकते, हे मी वर्ग घेताना पाहिलंय.

पहिल्या पानासाठी कागद पाठवा. पण मूळ कागद टपालात टाकू नका, कुणाच्या हातातही देऊ नका, माझ्याही नाही. सहीशिक्क्याची नक्कल काढा, तिची एक प्रत पाठवा, आणि मागं गावाचं नाव नि गट नंबर लिहा.